स्पार्क प्लग घरी बदलताना हात कुठे थांबवावा

नागपूरच्या मनीषनगरातून तुम्ही लिहिले आहे की तुमची २०१६ सालची तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी ६२ हजार किलोमीटर चालली आहे. थंडीत सकाळी सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे ती मिसिंग करते (म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल मधूनमधून पेटतच नाही), सिग्नलवर एसी चालू असला की थरथरते, आणि इतक्या वर्षांत प्लग एकदाही बदललेले नाहीत. गॅरेजमध्ये प्लग बदलायला सांगितले आणि इरिडियम धातूच्या टोकाचेच टाका असा आग्रहही धरला. हे काम घरी करता येईल का, कसे करावे आणि इरिडियमचे प्लग घ्यावेत का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर होकारार्थी आहे. बॉनेट उघडून वरचे प्लास्टिकचे झाकण काढल्यावर प्लगना वीज देणाऱ्या तिन्ही कॉइल एका ओळीत समोर दिसत असतील, तर या कामाला सावकाश केले तरी दीड तास पुरतो. मात्र पाना हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी. या कामात प्लग ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि इंजिनच्या हेडमधले, म्हणजे प्लग ज्यात आवळलेले असतात त्या वरच्या भागातले, आटे ही सर्वांत महाग. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, प्लगचे आटे पोलादाचे असतात, आणि या दोहोंची झुंज लागली की हार नेहमी अ‍ॅल्युमिनियमचीच होते. नागपुरात गेली सत्तावीस वर्षे मी पेट्रोल इंजिनांवर काम करतो आहे. प्लग बदलताना बिघडलेली जेवढी इंजिने माझ्याकडे आली, त्यांतली बहुतेक चुकीच्या प्लगने बिघडलेली नव्हती, तर गरम इंजिनात घातलेल्या पान्याने किंवा वाकड्या आट्यावर लावलेल्या जोराने बिघडलेली होती.

तसे एक इंजिन मी स्वतः बिघडवले आहे. कामाला लागून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. मे महिन्याच्या दुपारी वर्धा रोडवर बुटीबोरीच्या अलीकडे एक गाडी बंद पडली होती आणि त्यातले कुटुंब हिंगणघाटला लग्नाला निघाले होते. त्यांची घाई पाहून मी उकळत्या इंजिनावरच पाना चढवला. पहिला प्लग सुटला. दुसरा अर्धा फेरा फिरला आणि करकरू लागला. तेव्हाच थांबायला हवे होते, पण मी पान्याच्या दांडीला पाइप लावून जोर केला. प्लग बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत वेटोळे अडकलेले होते, पेन्सिल तासल्यावर निघते तसे सलग. ते हेडमधले आटे होते. ते कुटुंब एसटीने पुढे गेले, गाडी ओढून आणावी लागली, आणि हेड उतरवून, भोक मोठे करून, त्यात नव्या आट्यांचा बुश बसवायला चार दिवस गेले. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते आणि इतक्या उष्णतेत मऊही पडते, त्यामुळे आट्यांत घट्ट बसलेली काजळी त्याला सहज खरवडून काढते. हे मी नंतर शिकलो, पण त्या दिवसापासून गरम इंजिनात पाना घातलेला नाही.

आता तुमच्या गाडीच्या लक्षणांकडे येऊ. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक प्लग एकदा ठिणगी टाकतो. शहरातला सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर आणि इंजिनचे फेरे मिनिटाला २००० धरले, तर ६२ हजार किलोमीटरमध्ये तुमच्या एकेका प्लगने सुमारे बारा कोटी ठिणग्या टाकल्या आहेत. प्रत्येक ठिणगी धातूचा अतिसूक्ष्म कण उडवते. मधल्या टोकाच्या कडा झिजून गोल होतात आणि दोन टोकांमधली फट, म्हणजे गॅप, वाढत जाते. फट वाढली की ती ओलांडायला अधिक दाबाची वीज लागते, आणि बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणाऱ्या कॉइलवर तो सगळा ताण येतो. थंड सकाळी पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून अशक्त ठिणगी आधी तिथेच उघडी पडते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की मिसिंगच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची रांग लागते, ती यामुळेच. प्लग बदलणे लांबवले तर पुढचा खर्च कॉइलचा असतो, आणि एका कॉइलच्या पैशांत साध्या प्लगांचे कितीतरी संच येतात.

कोणता प्लग घ्यावा, याचे उत्तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किंवा जुन्या प्लगवर छापलेल्या क्रमांकात असते, आणि तेच प्रमाण मानावे. हा क्रमांक म्हणजे केवळ दुकानदाराची सोय नसते. उदाहरणार्थ, एनजीके या कंपनीच्या बीपीआर६ईएस या क्रमांकातला बी आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर असल्याचे सांगतो, आर आत रोधक असल्याचे, सहाचा आकडा उष्णतेची श्रेणी आणि ई आट्यांची लांबी १९ मिलिमीटर असल्याचे. आट्यांची लांबी जास्त झाली तर प्लगचे टोक पिस्टनपर्यंत पोहोचू शकते. कमी झाली तर हेडमधले शेवटचे आटे उघडे राहून त्यांत काजळी भरते आणि पुढच्या वेळी योग्य प्लग बसत नाही. रोधक नसलेला प्लग बसवला तर ठिणगीचा विद्युत गोंगाट गाडीच्या संगणकाला आणि रेडिओला त्रास देतो.

उष्णतेच्या श्रेणीबाबत हमखास गोंधळ होतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. प्लगचे टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापले की त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. तेच ८५० अंशांच्या पुढे गेले की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागते आणि पिस्टनला धोका होतो. या दोन मर्यादांच्या मध्ये टोक राहावे यासाठी काही प्लग उष्णता पटकन हेडला देतात, त्यांना थंड प्लग म्हणतात, आणि काही धरून ठेवतात, त्यांना गरम प्लग म्हणतात. एनजीकेच्या क्रमांकात आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, तर बॉशच्या क्रमांकात आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. त्यामुळे एका कंपनीचा प्लग काढून दुसऱ्या कंपनीचा घालताना आकडा जुळवून चालत नाही, त्या इंजिनासाठी दिलेला समतुल्य क्रमांकच विचारावा. नागपूरचे ऊन कडक म्हणून एक आकडा थंड प्लग टाका, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो मानू नये. बाहेर ४५ अंश असले तरी सिलिंडरच्या आतल्या तापमानापुढे तो फरक नगण्य आहे, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत थंड प्लग काजळीने भरून जातो.

इरिडियमविषयी माझे मत स्पष्ट आहे. गाडी कारखान्यातून निकेलच्या साध्या प्लगांवर आली असेल, तर तेच टाकून दर २० ते ३० हजार किलोमीटरला किंवा पुस्तिकेत दिलेल्या अंतराला बदलत राहणे पूर्णपणे योग्य आहे. इरिडियम २४०० अंशांच्या वर वितळते, निकेल साधारण साडेचौदाशेला. म्हणून इरिडियमचे टोक सुईसारखे बारीक ठेवता येते, त्याला कमी दाबाची वीज पुरते आणि ते ८० हजार ते एक लाख किलोमीटर टिकू शकते. हा फायदा खरा आहे, पण तो टिकाऊपणाचा आहे. अ‍ॅव्हरेज वाढेल, पिकअप वाढेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबून पैसे घालू नयेत. नव्या साध्या प्लगने गाडीत जो फरक जाणवतो, तोच इरिडियमने जाणवेल, कारण दोन्ही वेळा तुलना झिजलेल्या प्लगशी होत असते. तुमची गाडी वर्षाला सरासरी सहा-सात हजार किलोमीटर चालते, तेव्हा साधे प्लग घ्यावेत. मूळचेच इरिडियम असतील तर मात्र त्याजागी साधे टाकू नयेत.

घाट रोडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत घ्या किंवा कंपनीच्या काउंटरवर, पण पक्के बिल मागावे, कारण प्लगमध्ये नकली माल बराच फिरतो. डबीतून काढलेल्या प्लगवरची छपाई नखाने खरवडली तर निघू नये, बाजूचे वाकडे टोक मधल्या टोकाच्या बरोबर वर असावे, आणि वॉशर आट्यांवरून आपोआप गळून पडू नये. तिन्ही प्लग एकदमच बदलावेत.

हत्यारे फार लागत नाहीत. १० मिलिमीटरची गोटी (सॉकेट), प्लगची लांब गोटी, रॅचेट आणि दोन एक्स्टेंशन एवढ्यात काम होते. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत प्लगची गोटी १६ मिलिमीटरची लागते, जुन्या गाड्यांत २१ ची, तर काही बारीक प्लगांना १४ ची. गोटीच्या आत प्लग धरून ठेवणारे रबर असलेच पाहिजे. फट मोजायला फिलर गेज, डोळ्यांवर चष्मा, आणि एक वस्तू जी दुकानदार सुचवणार नाही: पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा, ज्याच्या तोंडात प्लगचे वरचे चिनी मातीचे टोक घट्ट बसेल. त्याचे काम पुढे येईल. आवळण्याचा जोर मोजून दाखवणारा टॉर्क पाना मिळाला तर उत्तम, शेजारच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणण्यातही कमीपणा नाही.

वेळ सकाळची निवडावी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर. उन्हाळ्यात आपल्याकडे उघड्यावर उभ्या गाडीचे इंजिन संध्याकाळीही हाताला चटका देते, म्हणून दुपारी गाडी लावून दोन तासांनी काम सुरू केले हे पुरेसे नाही. मे अखेरच्या नवतपात, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर पहाटेच उरकावे. हेडवर तळहात निवांत टेकवता आला, तरच इंजिन थंड झाले असे समजावे.

किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. कॉइलचा कपलर, म्हणजे तारेचा प्लास्टिकचा जोड, काढताना त्याचे लॉक आधी दाबावे आणि मग कपलर धरून ओढावा, तार धरून ओढू नये. आठ-दहा वर्षांच्या उष्णतेने हे प्लास्टिक बिस्किटासारखे ठिसूळ झालेले असते. लॉक तुटले तर कपलर पुढे रस्त्यात सैल होऊन मिसिंग देत राहतो आणि दोष सापडत नाही. मग १० चा बोल्ट सोडवावा, कॉइल थोडी डावी-उजवीकडे फिरवून आतल्या रबराची पकड सोडवावी आणि सरळ वर उचलावी. तुमच्या गाडीत वेगळ्या कॉइलऐवजी प्लग वायर असतील, तर एका वेळी एकच वायर काढावी, म्हणजे क्रम चुकणार नाही. एका सिलिंडरचे काम पुरे झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

कॉइल निघाली की प्लग खोल विहिरीच्या तळाशी दिसतो. इथे आधी टॉर्च लावून नीट पाहावे. नागपूरच्या रस्त्यांवरची धूळ, वाळलेली पाने, कधी मुंगळे, हे सगळे त्या विहिरीत साचलेले असते, आणि प्लग काढल्याक्षणी ते सरळ सिलिंडरमध्ये पडते. म्हणून प्लग हलवण्याआधी हवा मारावी. घरी कॉम्प्रेसर नसतो, पण सायकलच्या पंपाला बारीक नळी लावून ती विहिरीच्या तळापर्यंत सोडली की काम होते. कचरा उसळून डोळ्यांत येतो, म्हणून चष्मा. त्यानंतर प्लग फक्त अर्धा फेरा सैल करून पुन्हा एकदा हवा मारावी, कारण वॉशरच्या कडेला चिकटलेली रेती प्लग हलल्यावरच मोकळी होते. हा दुसरा झोत बहुतेक जण टाळतात. तो टाळू नये, ही विनंती आहे.

सैल करताना रॅचेट आणि एक्स्टेंशन प्लगच्या अगदी सरळ रेषेत असावेत, तिरका जोर चिनी माती तडकवतो. निरोगी प्लग 'टक्' असा एक कोरडा आवाज करून सुटतो आणि पुढे बोटांनी फिरतो. तो करकरू लागला, किंवा पहिल्या फेऱ्यानंतर हलका होण्याऐवजी जड होऊ लागला, तर तिथेच थांबावे. पाव फेरा परत आत फिरवावा, गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब आट्यांशी सोडावेत, अर्धा तास थांबावे, आणि मग पुढे-मागे करत थोडा थोडा बाहेर काढावा. तरीही ऐकत नसेल तर प्लग तसाच आवळून गाडी गॅरेजमध्ये न्यावी. न निघालेला प्लग घेऊन आलेल्या माणसाचे काम सोपे असते, आटे घेऊन निघालेल्या प्लगचे नसते.

निघालेला प्लग लगेच टाकून देऊ नका. तिन्ही प्लग एक, दोन, तीन अशा क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा आणि उजेडात पाहा, कारण सिलिंडरच्या आत काय चालले आहे याची इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही. टोकाभोवतीची चिनी माती फिकट बदामी किंवा करडी असेल तर सगळे ठीक आहे. काळी, कोरडी, बोटाला पुसली जाणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा हवा कमी पडते आहे, तेव्हा आधी एअर फिल्टर पाहावा. शिवाय गाडी नेहमी दोन किलोमीटरवर जाऊन बंद होत असेल तर टोक कधी पुरेसे तापतच नाही, तेव्हाही हीच काजळी दिसते. चिकट, ओला काळेपणा म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल येते आहे, आणि याचा उपाय प्लगमध्ये नसून व्हॉल्व्हच्या सीलमध्ये किंवा पिस्टनच्या रिंगांमध्ये आहे. पांढरी फटक, फोड आलेली माती म्हणजे टोक अति तापले आहे. त्याचे कारण चुकीची श्रेणी, कमी पेट्रोल किंवा नुसता सैल बसलेला प्लगही असू शकते. तीनपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे. तिन्ही सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या कशात तरी आहे.

दोन खुणा मात्र लोकांना फसवतात. धातूच्या षटकोनाला लागून चिनी मातीवर तपकिरी कडे दिसते, आणि ते पाहून कॉम्प्रेशन लीक आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब प्लगमधून गळतो आहे, असे सांगून पुष्कळांना घाबरवले जाते. प्रत्यक्षात तीव्र विद्युत दाबामुळे हवेतले ऑइलचे कण तिथे येऊन चिकटतात, त्याचा तो डाग असतो आणि निरुपद्रवी असतो. याउलट चिनी मातीवर वरून खाली गेलेली केसाएवढी काळी रेघ गंभीर असते. वीज फटीत ठिणगी टाकण्याऐवजी बाहेरून मातीवरून धावते आहे, याचा तो पुरावा असतो. अशी रेघ दिसली तर कॉइलच्या रबरी नळीतही समोरासमोर तशीच रेघ सापडते, आणि ते रबर न बदलता नवा प्लग घातला तर काही दिवसांत नव्या प्लगवरही ती उमटते. पावसाळ्यातच मिसिंग करणाऱ्या गाड्यांत मला ही रेघ वारंवार सापडली आहे.

जुना प्लग तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासून पुन्हा घालण्याची सवय सोडावी. ब्रशची धातू चिनी मातीवर रेघोट्या सोडते आणि वीज त्यावरून निसटते, आणि इरिडियमचे बारीक टोक तर एका घासण्यात जाते.

आता नवा प्लग. डबीवर आधीच गॅप केलेला असे छापले असले तरी फिलर गेजने तपासावा, कारण डबी वाटेत कुठे पडली हे कोणी सांगत नाही. कारच्या प्लगमध्ये ही फट बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटर असते, तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. साध्या प्लगमध्ये कमी-जास्त करायची झाल्यास बाजूचे टोकच अलगद वाकवावे, मधल्या टोकावर कधीही जोर देऊ नये. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नये, मातीतली तडा बाहेरून दिसत नाही.

रबरी नळीच्या तुकड्यात प्लगचे वरचे टोक खोचावे, प्लग विहिरीत सोडावा आणि नळी दोन बोटांत धरून आधी उलट दिशेने हळूच फिरवावी. आटे एकमेकांच्या तोंडाशी आले की प्लग किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते. तिथून सुलट फिरवायला सुरुवात करावी. या नळीचे मोल असे की आटा वाकडा लागला तर नळी प्लगवर घसरते आणि जोर लागूच शकत नाही. रॅचेटला ही दया नसते. प्लग तळापर्यंत नळीनेच फिरत गेला पाहिजे, किमान पाच-सहा फेरे. दुसऱ्याच फेऱ्याला अडला तर बाहेर काढावा, आटे पुसावेत, पुन्हा प्रयत्न करावा. हाताने जात नाही म्हणून पान्याने घालणे, हेच ते एक पाऊल ज्याने हेड वाया जाते.

प्लग तळाला टेकला की मग गोटी आणि टॉर्क पाना. १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगला अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २० आणि दुचाकीतल्या १० मिलिमीटरच्याला जेमतेम १० ते १२, असे हे आकडे आहेत. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. टॉर्क पाना नसेल तर बोटांनी टेकवलेला १४ मिलिमीटरचा नवा प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळावा, बारीक आट्यांच्या प्लगला डबीवर दिलेला कोन पाहावा. हा फेरा बोटांना ओळखता येतो. वॉशर आतून पोकळ घडीचा असतो, तो चेपला जाताना एक मऊ, सारखा प्रतिकार लागतो आणि मग अचानक कडकपणा येतो. तो कडकपणा आला की हात थांबवावा. जुनाच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असल्याने फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरतो, आणि वॉशर नसलेल्या, शंकूसारख्या बैठकीच्या प्लगला त्याहूनही कमी, सोळावा हिस्सा.

आवळणे कमी पडले तरीही नुकसान होते, हे लक्षात असू द्यावे. प्लगच्या टोकाची बरीचशी उष्णता आटे आणि वॉशरमार्फतच हेडमध्ये जाते. सैल प्लगला ती वाट मिळत नाही, टोक तापत राहते, आणि शेवटी पिस्टनला भोक पडल्याची इंजिने मी उघडली आहेत. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नये. आजच्या प्लगांवर मुलामा असतो, आणि ग्रीस लावल्यावर त्याच टॉर्कला प्लग कितीतरी जास्त आवळला जातो.

कॉइल बसवताना रबर प्लगवर पूर्ण बसल्याचा ठेका हाताला लागतो, कपलर लागल्याचा 'टिक्' आवाज कानाला ऐकू येतो. दोन्ही झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिन्ही झाले की बॅटरीची तार जोडून गाडी सुरू करावी. थरथर तशीच असेल तर घाबरू नये, दहात नऊ वेळा एखादा कपलर अर्धवट राहिलेला असतो. तो ठीक असूनही चेक इंजिनचा दिवा लागला, तर कोड वाचून घ्यावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरची मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याची. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करून पाहावी. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल बदलावी, जागेवरच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासावे.

गाडीत सीएनजी किट असेल तर प्लग लवकर बदलावे लागतात, कारण गॅसचे मिश्रण पेटवायला अधिक दाबाची वीज लागते. दुचाकीवाल्यांना एकच सांगणे: बजाजच्या बहुतेक डीटीएस-आय इंजिनांत दोन प्लग असतात, आणि दुसऱ्या बाजूचा अडचणीतला प्लग कित्येक वर्षे तसाच राहिलेला मी पाहतो. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतातच, तिथले ग्लो प्लग ही निराळी वस्तू आहे.

एक गोष्ट नागपूरकर म्हणून सांगणे मला आवश्यक वाटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि शेकडो गाड्या बुडाल्या. त्यानंतरच्या आठवड्यात आलेल्या इंजिनांत दोन प्रकार होते: ज्यांना मालकाने हातही लावला नव्हता ती, आणि ज्यांना सेल मारून पाहिला होता ती. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला की पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी तिन्ही प्लग काढून ठेवणे हाच पहिला उपाय असतो, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. ज्याला प्लग काढता येतो, तो त्या दिवशी स्वतःचे इंजिन वाचवू शकतो. वॉशिंग सेंटरवर इंजिनावर जोराचा फवारा मारून घेतल्यावर सुरू होणारी मिसिंगही याच विहिरीत साचलेल्या पाण्याची असते, तेव्हा कॉइल काढून विहीर कोरडी करावी.

शेवटी तुमच्या गाडीविषयी. दहा वर्षांच्या जवळ आलेल्या इंजिनात कॉइल उचलल्यावर तिच्या रबराला ऑइल लागलेले दिसण्याची बरीच शक्यता आहे. ते सिलिंडरमधून आलेले नसून टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून झिरपलेले असते. तसे दिसले तर प्लग त्या दिवशी काढू नका, कारण विहिरीतले ऑइल सिलिंडरमध्ये उतरेल. कापडाने टिपून घ्या, कॉइल परत बसवा, आधी पॅकिंग बदलून घ्या आणि त्याच वेळी नवे प्लग टाका. विहीर कोरडी निघाली तर मात्र येत्या रविवारी सकाळीच करा, आणि काम झाल्यावर तारीख व किलोमीटर एका चिकटपट्टीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूला लावून ठेवा.